सायकल मार्ग आणि दारासमोरचा रहिवासी

शंकाकार : सायकल मार्ग सुधारायचे तर आधी स्थानिक रहिवाशांना विश्वासात घ्यावे, हे म्हणणे पुण्यात आता सर्वमान्य झाले आहे आणि सर्वमान्य झाल्यामुळेच त्याच्या बुडाशी असलेले गृहीतक सहसा कोणी तपासत नाही. गृहीतक असे की रस्त्याच्या कडेला राहणारा माणूस त्या रस्त्याचा सर्वांत चांगला जाणकार असतो आणि त्याच्या संमतीने झालेले काम टिकते. बाग, वाचनालय किंवा समाजमंदिर यांच्या बाबतीत हे मान्य करता येईल, कारण तेथे लाभ आणि त्रास हे दोन्ही बहुतांशी एकाच वस्तीच्या वाट्याला येतात. सायकल मार्गाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा लाभ वारज्याहून डेक्कनला किंवा धनकवडीहून स्वारगेटला कामावर जाणाऱ्याला होतो आणि त्यासाठी पार्किंगची जी जागा जाते ती वाटेतल्या एखाद्या सोसायटीच्या किंवा दुकानाच्या दारातली असते. प्रभागात सभा बोलावली की ज्याची जागा जाणार तो पहिल्या रांगेत बसतो. ज्याची सोय होणार तो दुसऱ्या प्रभागाचा मतदार असल्याने त्याला सभेची वर्दीही गेलेली नसते. अशा सभेचा कौल हाच लोकांचा कौल मानला, तर शहरातला एकही मार्ग सलग होणार नाही.

पुरस्कर्ता : सभेच्या रचनेतला हा दोष खरा आहे, पण लोकांना विचारू नये असा निष्कर्ष त्यावरून काढण्यापूर्वी, न विचारता जे झाले तेही पाहिले पाहिजे. डिसेंबर २००५मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले, शहरांच्या हाती मोठा निधी आला आणि २००६च्या अखेरीस पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर या पट्ट्यात बीआरटी, म्हणजे बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. त्या रस्त्यांच्या कडेने सायकल मार्गही बांधले गेले. नकाशावर ते ठीकच होते. रस्त्यावर मात्र चौक आला की पेव्हर ब्लॉकची वाट एकाएकी संपते, खाली उतरायला उतार नसतो आणि सायकल हाताने उचलून रस्त्यावर ठेवावी लागते. मध्येच विजेची डीपी उभी असते, नाहीतर बसथांब्याची पाठ येते. आणि दुचाकींना अटकाव करण्यासाठी रोवलेले लोखंडी खांब इतके जवळजवळ असतात की दुधाचे कॅन अडकवलेली सायकल त्यांच्यामधून निघत नाही, तर मोटारसायकल पुढच्या सोसायटीच्या फाटकासमोरून सहज आत शिरते. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ने १९६२च्या शिफारशीतच सायकल मार्गाची किमान रुंदी २ मीटर सांगितली होती. आराखड्यात ती दाखवता येते, परंतु खांब, झाडाचा पार, चेंबरची वर आलेली झाकणे आणि दुकानाबाहेरची पायरी वजा जाता प्रत्यक्षात किती रुंदी उरते, हे आराखड्यात दिसत नाही. ते त्या वाटेने रोज जाणाऱ्याला ठाऊक असते, आणि त्याला कोणी विचारले नाही.

शंकाकार : ज्या उणिवा आपण मोजल्या त्या ओळखण्यासाठी रहिवाशांची सभा कशाला हवी? महापालिकेच्या पथ विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याने आठवडाभर त्या मार्गावरून सायकल चालवली असती तरी एवढे कळले असते. उतार राहून गेला तो निविदेत उताराची बाब वेगळी धरली नव्हती म्हणून, झाकणे वर आली ती रस्त्याचा थर आणि गटाराचे काम दोन वेगळ्या ठेकेदारांकडे होते म्हणून, आणि खोदाईनंतर मार्ग पूर्ववत झाला नाही तो दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे करारात नीट लिहिलेले नव्हते म्हणून. हे प्रशासनाचे दोष आहेत आणि त्यांचा इलाज प्रशासनातच आहे. लोकांकडून माहिती गोळा करण्याला सर्वेक्षण म्हणावे. त्याला सहभाग म्हटले की लोकांना वाटते आपल्याला निर्णयाचा अधिकार मिळाला, आणि तो मिळालेला नसतो. पुण्याने हेही करून पाहिले आहे. सर्वंकष सायकल आराखडा तयार होत असताना नागरिकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या, बैठका झाल्या, आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे आखले गेले आणि डिसेंबर २०१७मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने त्याला मंजुरी दिली. ते जाळे आज कोठे आहे? ज्यांनी वेळ काढून मते दिली त्यांच्या पदरी आलेली निराशा ही न विचारण्याहून वाईट आहे, कारण पुढच्या वेळी ते येणार नाहीत.

पुरस्कर्ता : आराखडा मंजूर झाल्याक्षणी लोकांचा संबंध संपला, हेच तर दुखणे आहे. शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी अभ्यासक महिलेने १९६९मध्ये नागरिकांच्या सहभागाला आठ पायऱ्यांच्या शिडीची उपमा दिली. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसते वळवले किंवा समजावले जाते. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे आणि एखाद्-दुसरी सूचना मान्य करून लोकांना शांत करणे येते. वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि प्रत्यक्ष नियंत्रण येते. आपल्याकडे ‘हरकती व सूचना’ या नावाने जे चालते ते चौथ्या पायरीच्या, म्हणजे मत विचारण्याच्या, वर क्वचितच जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत हरकती स्वीकारल्या जातात, सुनावणी होते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर २०१३मध्ये ८० हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. पुढे २०१५मध्ये राज्य सरकारने तो आराखडा महापालिकेकडून आपल्या हाती घेतला. एवढ्या हजारो लोकांनी लिहिले ते आकसाने लिहिले नाही. आपल्या गल्लीचे काय होणार याची त्यांना चिंता होती. ती चिंता एकदा कागदावर उतरली की पुन्हा तिचा उपयोग करून घेण्याची सोय या पद्धतीत नाही. सायकल मार्गाच्या बाबतीत तर मंजुरीनंतरचीच वर्षे महत्त्वाची असतात. खोदाई केव्हा झाली, झाकण केव्हा खचले, नवे दुकान उघडल्यावर माल उतरवणारा टेम्पो मार्गातच उभा राहू लागला, हे रोजच्या रोज बदलणारे ज्ञान आहे. आठवडाभर सायकल चालवणाऱ्या अभियंत्याला ते एकदा मिळेल. पुढच्या महिन्यात ते शिळे झालेले असेल.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. अर्नस्टाइन यांची शिडी आजही उपयोगी पडते, कारण अधिकार न देता सहभागाचा देखावा कसा केला जातो हे ती उघड करते. परंतु तिच्या मांडणीत एका बाजूला सत्ताधारी आणि दुसऱ्या बाजूला सत्तेपासून वंचित असलेले नागरिक असे दोनच पक्ष प्रामुख्याने येतात. नागरिकांतच दोन गट असतील, एकाचे घर रस्त्यावर आणि दुसऱ्याची वाट त्या रस्त्यावरून असेल, तर शिडीच्या वरच्या पायरीवर यांपैकी कोणाला चढवायचे, हे ती सांगत नाही. या संवादातला पुढचा सगळा वाद त्याच जागी घुटमळतो आणि तो तेथे घुटमळणे रास्त आहे.

शंकाकार : देखभालीपुरते आपले म्हणणे मान्य. पुण्यात २००६-०७पासून सहभागी अर्थसंकल्पाची पद्धत आहे. म्हणजे नागरिक क्षेत्रीय कार्यालयात ठरावीक नमुन्यात आपल्या भागातल्या कामाची मागणी नोंदवतात आणि ती पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात धरली जाऊ शकते. तुटलेला उतार, खचलेले झाकण, अंधारा कोपरा यांसाठी ही वाट चांगली आहे. पण तिच्या पोटातच मर्यादा आहे. कामे छोटी, काही लाखांत बसणारी, आणि एका प्रभागापुरती असावी लागतात. सायकल मार्ग अनेक प्रभाग ओलांडून जातो. दहा प्रभागांनी दहा तुकडे मागितले तरी त्यांचा मार्ग होत नाही, कारण मार्गाची किंमत त्याच्या सर्वांत वाईट चौकाएवढीच असते. चार किलोमीटर उत्तम वाट असून मध्ये एक उड्डाणपुलाखालचा चौक जिवावर बेतणारा असेल, तर आई मुलाला त्या वाटेने शाळेत पाठवणार नाही.

पुरस्कर्ता : म्हणूनच स्पेनमधल्या सेव्हिल शहराचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. तेथे २००४च्या सुमारास सहभागी अर्थसंकल्प सुरू झाला आणि नागरिकांनी पुढे आणलेल्या मागण्यांत सायकल मार्ग ठळकपणे आले. महापालिकेने ती मागणी तुकड्यातुकड्याने पुरी केली नाही. २००६-०७मध्ये सुमारे ८० किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले, मोटारींपासून वेगळे काढलेले जाळे एका दमात उभारले गेले, २०१०पर्यंत ते सुमारे १२० किलोमीटरवर गेले आणि रोजच्या सायकलफेऱ्या काही हजारांवरून सत्तर हजारांच्या घरात पोहोचल्या. जेथे सायकल जवळजवळ विस्मरणात गेली होती अशा उष्ण हवेच्या शहरात हे घडले, ही बाब पुण्याच्या उन्हाचे कारण पुढे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

शंकाकार : हे उदाहरण आपल्यापेक्षा या बाजूचेच अधिक समर्थन करते. सेव्हिलच्या लोकांनी ‘सायकल मार्ग हवेत’ एवढे सांगितले. मग निवडून आलेल्या सत्तेने राजकीय धोका पत्करून काही हजार मोटारींची पार्किंगची जागा काढून घेतली आणि दारोदार संमती मागत न बसता एकदम बांधकाम केले. पुढे सत्ताबदल होऊन पाठबळ ओसरले तेव्हा वाढही खुंटली. म्हणजे निर्णायक होती ती सत्तेची इच्छा. नेदरलँड्सचा धडाही असाच आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर तेथील सरकारने हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत एकेक नमुनेदार सायकल मार्ग बांधला. हेगमध्ये दुकानदारांनी कडाडून विरोध केला. त्या मार्गांवर सायकली वाढल्या खऱ्या, पण त्यांतल्या बऱ्याच शेजारच्या समांतर रस्त्यांवरून वळून आलेल्या होत्या. नंतर डेल्फ्टमध्ये १९८०च्या दशकात वेगळा प्रयोग झाला: शहर, विभाग आणि वस्ती अशा तीन पातळ्यांवर, प्रत्येक पातळीचे अंतर ठरवून, सगळ्या शहराचे जाळे विणले गेले. एकटा मार्ग फारसे काही बदलत नाही, सलग जाळे बदलते, हे ज्ञान तेथून जगभर गेले. आता विचार करावा, की असे जाळे एका गल्लीच्या सभेतून निघू शकेल काय? गल्लीला तिचा तुकडाच दिसतो, आणि तुकड्याच्या पातळीवर दुकानदाराचे म्हणणे नेहमीच जास्त पटते, कारण त्याचे नुकसान समोर दिसते आणि जाळ्याचा फायदा दिसत नाही.

पुरस्कर्ता : डेल्फ्टचा धडा शिरोधार्य आहे, पण आपण कथा मधूनच सुरू केली. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात रस्ते अपघातांत ३,२००हून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर आईवडील, शिक्षक आणि शेजारी रस्त्यावर आले. मुलांचे हे बळी थांबवा अशी थेट मागणी करणारी चळवळ उभी राहिली. ॲम्स्टरडॅमच्या डी पाइप या दाट वस्तीतल्या शाळकरी मुलांनी मोठ्यांच्या मदतीने आपली गल्ली मोटारींना बंद केली. आणि १९७५मध्ये सायकलस्वारांची देशव्यापी संघटना स्थापन झाली, जिच्या गावोगावच्या शाखा आजही स्थानिक रस्त्यांवर लक्ष ठेवतात. ही माणसे गल्लीतलीच होती. त्यांनी रेटा दिला नसता तर हेगचा मार्गही झाला नसता आणि डेल्फ्टचे जाळे आखण्यासाठी कोणा अभियंत्याला पैसा मिळाला नसता. रहिवाशांच्या सभेतून जाळे निघत नाही, हे खरे. पण जाळ्याची गरज तेथूनच निघते, आणि ती गरज बोलून दाखवणारे लोक नसतील तर मंजूर आराखडा नुसता मंजूरच राहतो. पुण्याच्या आराखड्याचे जे झाले ते लोकांना विचारल्यामुळे झाले नाही. विचारलेले लोक नंतर कोठे एकत्र आले नाहीत, त्यांना एकत्र ठेवणारी यंत्रणा नव्हती, म्हणून झाले.

विरोध कायमचा असतो, हे गृहीतकही तपासून पाहावे. लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट या विभागाला ‘मिनी हॉलंड’ योजनेतून ३ कोटी पौंडांच्या आसपास निधी मिळाला. तेथल्या एका जुन्या बाजाररस्त्यावर मोटारींना बंदी घालण्यापूर्वी २०१४मध्ये काही दिवसांचा प्रयोग केला गेला, वाद झाले, फेरफार झाले, आणि २०१५मध्ये उद्घाटनाच्या वेळी विरोधकांनी शवपेटी मिरवत निषेध केला. पुढच्या अभ्यासात जेथे सर्वाधिक बदल झाले तेथील रहिवासी आठवड्याला सरासरी ४१ मिनिटे अधिक चालू-फिरू किंवा सायकल चालवू लागल्याचे आढळले. प्रयोग हाही सहभागाचाच एक प्रकार आहे, आणि कदाचित सर्वांत प्रामाणिक. कारण सभेत माणूस भीतीविषयी बोलतो आणि प्रयोगानंतर अनुभवाविषयी. पुण्यातही औंधमध्ये रस्त्याची नवी रचना पक्की करण्यापूर्वी ती तात्पुरती मांडून दाखवली गेली होती. रंगाच्या पट्ट्या, प्लॅस्टिकचे खांब आणि चार कुंड्या एवढ्या साहित्यात रस्ता महिनाभर बदलून पाहता येतो, आणि जे बोचते ते सिमेंट ओतण्याआधी कळते.

शंकाकार : प्रयोगाचे मोल कबूल. तरीही ज्याच्यासाठी हे सारे करायचे तो माणूस या चित्रात अजून आलेला नाही. २०११च्या जनगणनेनुसार शेती आणि घरगुती उद्योग सोडून अन्य काम करणाऱ्या भारतीयांपैकी साधारण १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. यांत सोसायट्यांचे रखवालदार, इमारतींवरचे गवंडी व बिगारी, पेपर आणि दूध टाकणारे, छोट्या कारखान्यांतले कामगार येतात. सकाळी व्यायामासाठी गिअरची सायकल घेऊन निघणारे यांच्या तुलनेत थोडे, पण सभेला येणारे आणि निवेदने लिहिणारे तेच. रखवालदाराची पाळी बारा तासांची असते. सभा रविवारी सकाळी ठेवली तरी तो कोणाच्या तरी फाटकावर उभा असतो. ज्या भाड्याच्या खोलीत तो राहतो तेथे त्याचे नाव मतदार यादीत असेलच असे नाही. घरकामाला जाणाऱ्या बहुसंख्य बाया तर सायकल चालवतच नाहीत. वाट सुरक्षित असती तर त्या चालवतील काय, हे विचारायला हवे, पण जी व्यक्ती आज रस्त्यावर सायकलीवर नाही तिला मोजणार कसे? आणि ज्यांच्यामार्फत हे मोजायचे ते प्रतिनिधीही जागेवर असतातच असे नाही. मार्च २०२२मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे राहिला.

पुरस्कर्ता : या आक्षेपाला देशाच्याच एका कायद्यात उत्तराची दिशा सापडते. २०१४च्या पथविक्रेता अधिनियमाने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती सक्तीची केली आणि तिच्या सदस्यांपैकी किमान ४० टक्के स्वतः पथविक्रेते असावेत, ते विक्रेत्यांतून निवडले जावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. रस्त्याच्या जागेचा निर्णय करताना त्या जागेवर पोट असलेल्या माणसाला टेबलाशी खुर्ची मिळाली पाहिजे, ही कल्पना त्यामुळे कायद्यात आली. प्रत्येक मोठ्या सायकल मार्गासाठी अशीच मार्गसमिती का नसावी, जिच्यात निम्म्या जागा त्या मार्गाने कामावर जाणाऱ्यांच्या असतील, मग ते कोणत्याही प्रभागात राहोत? त्यांना सभेला बोलवायची गरज नाही; समितीने त्यांच्याकडे जावे. ग्रामीण महाराष्ट्रात पाणलोटाची कामे ठरवताना शिवारफेरी काढतात: गावकरी आणि कर्मचारी मिळून शिवारातून चालत जातात, ओघळ कोठे फुटतो, बांध कोठे घालावा हे जागेवर उभे राहून ठरवतात. मार्गफेरी तशीच काढावी, आणि ती पाळी बदलण्याच्या वेळी, पहाटे सहाला आणि रात्री आठनंतर काढावी. हातात मोजपट्टी आणि खडू असावा; जेथे रुंदी कमी पडते तेथे खुणेची रेघ, जेथे उतार नाही तेथे फुली. रात्री आठला त्याच मार्गावर दिव्यांचा प्रश्न दिसतो, जो दुपारच्या पाहणीत कोणालाही दिसत नाही. सायकलवाला थांबून दोन मिनिटे बोलतो, आणि त्या दोन मिनिटांत तो जे सांगतो ते दोन तासांच्या सभेत मिळत नाही.

शंकाकार : मार्गफेरीची सूचना उत्तम आहे, खडूच्या त्या रेघांवर कोणताही भला अभियंता काम करील. परंतु शिवारफेरी ज्या गावात यशस्वी होते ते गाव म्हणजे ठरलेल्या माणसांचा समूह असतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट बसवून, सर्वसहमतीने निर्णय घेत, २००९मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, याचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे. तेथे सर्वसहमती शक्य झाली, कारण जंगलाची सीमा ठरलेली होती, ते वापरणारे कोण हे ठाऊक होते, आणि आज नकार देणाऱ्याला उद्याही त्याच लोकांबरोबर राहायचे होते. सामायिक संसाधनांच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात टिकाऊ व्यवस्थांची जी लक्षणे सांगितली त्यांत पहिले हेच आहे, की संसाधनाची आणि ते वापरणाऱ्यांची हद्द स्पष्ट असावी. सातारा रस्त्याची अशी हद्द कोणती? पथविक्रेत्याला निदान प्रमाणपत्र असते, त्याची गणना होते, तरीही त्यांच्या समित्यांच्या निवडणुका अनेक शहरांत वर्षानुवर्षे रखडल्या. सायकलवाल्याची तर यादीच नाही. आपल्या मार्गसमितीतल्या निम्म्या जागांवर कोणाला बसवणार, आणि ते कोणाच्या वतीने बोलणार?

पुरस्कर्ता : हद्द नाही म्हणून सहभागच नाही, असे न म्हणता हद्दीशिवाय चालेल असा सहभाग कोणता, हे शोधावे. त्यासाठी तीन प्रश्न वेगळे करावे लागतील, जे आज एकाच सभेत एकत्र कालवले जातात. मार्ग असावा की नसावा आणि जाळे कोठून कोठे जावे, हा सगळ्या शहराचा प्रश्न आहे. त्यावर निर्णय मुख्य सभेने घ्यावा आणि एका गल्लीने तो फिरवू नये. तो रस्त्याच्या कोणत्या बाजूने जावा, माल उतरवण्याची जागा कोठे, रुग्णवाहिका कशी वळणार, गणपतीच्या मांडवाच्या दिवसांत मार्ग कसा वळवायचा, शाळेच्या फाटकासमोर उंचवटा कोठे, हे रहिवाशांचे प्रश्न आहेत आणि तेथे त्यांचा शब्द प्रमाण मानावा. आणि मार्ग नीट राहिला की नाही हा तिसरा प्रश्न वापरणाऱ्यांचा. मार्गफेरीचा अहवाल जोडल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे देयक निघू नये, इतका अधिकार त्यांना द्यावा. असा अधिकार दिल्यावर यादी आपोआप तयार होऊ लागते, कारण ज्याच्या बोलण्याने खचलेले झाकण खरोखर बदलले गेले तो पुन्हा येतो.

शंकाकार : विभागणी सुबक आहे, पण पहिला प्रश्न दुसऱ्यात बेमालूम शिरतो, हे पुण्याने पाहिले आहे. ‘मार्ग हवाच, पण आमच्या दारासमोरचे दोनशे मीटर सोडून’ ही मागणी ‘कसा’ या सदरात येते की ‘असावा की नसावा’ या सदरात? ‘मागच्या गल्लीतून काढा’ ही सूचना तपशिलाची दिसते, पण मागच्या गल्लीत रात्री दिवा नसेल आणि चार वळणे वाढत असतील, तर ती मार्ग रद्द करण्याचीच सूचना आहे. कोणताही सायकल मार्ग ठरावाने रद्द होत नाही. अशा वाजवी वाटणाऱ्या सुधारणांनी तो हळूहळू निकामी होतो.

पुरस्कर्ता : तर मग सौद्यात जे येऊच शकत नाही ते आधी लिहून ठेवावे लागेल: सलगपणा, किमान २ मीटर मोकळी रुंदी, चौकात वेगळी सोय, रात्रीचा प्रकाश. यांत बदल मागणाऱ्याने तितकाच सरळ आणि तितकाच सुरक्षित पर्याय दाखवावा, तो महिनाभर प्रयोग करून पाहावा, आणि त्या महिन्यात दोन्ही वाटांवरच्या सायकली मोजाव्यात. नकाराचा हक्क ठेवायचा, पण पुराव्याचे ओझेही नकार देणाऱ्यावर ठेवायचे.

शंकाकार : मोटार दारात लावणाऱ्याविरुद्ध हा नियम न्याय्य आहे आणि तो उद्याच लागू व्हावा. अडचण पुढे आहे. त्याच दोनशे मीटरमध्ये भाजीची हातगाडी आहे. ती लावणाऱ्या बाईकडे २०१४च्या कायद्याखालचे प्रमाणपत्र आहे. तिची जागा बदलायची तर सूचना, पर्यायी जागा, समितीचा विचार, हे सारे कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या शेजारून जाणाऱ्या रखवालदाराला त्या रुंदीवर असा कोणताही कायदेशीर दावा नाही. आजवर आपण बोललो ते सुस्थित रहिवासी आणि गरीब सायकलस्वार यांच्याविषयी. येथे दोन्ही बाजूंना कष्टकरीच आहेत, आणि पुराव्याचे ओझे हातगाडीवर टाकण्याचे धाडस आपण करणार काय?

पुरस्कर्ता : ते करणे अन्यायाचे होईल. हातगाडी हलली की त्या बाईचे रोजचे गिऱ्हाईक तुटते, आणि गिऱ्हाईक दोनशे मीटरवरही मागे येत नाही. बऱ्याच ठिकाणी जागा मोटारींच्या वाट्यातून काढून दोघांनाही देता येईल, आणि तसा प्रयत्न आधी झाला पाहिजे. ज्या अरुंद रस्त्यावर मोटारींकडून काढण्याजोगे काही उरतच नाही, तेथे मात्र वर सांगितलेला नियम अपुरा पडतो. तेथे पथविक्रेता समिती आणि मार्गसमिती एकत्र बसावी लागेल.

शंकाकार : आणि त्या बैठकीत एकीच्या हाती कायदा असेल, दुसरीच्या हाती खडूच्या रेघा. सायकलवाल्याच्या वाटेलाही कायद्याने हक्क म्हणून मान्यता मिळेपर्यंत ही बैठक बरोबरीची होणार नाही. आणि तशी मान्यता दिली, तर रस्त्याच्या त्याच चार हातांवर दोन हक्क उभे राहतील. त्यांतला कोणता केव्हा माघार घेईल, याचा निकष ना अभियंत्याकडे आहे, ना प्रभागाच्या सभेकडे.

पुरस्कर्ता : निकष नाही हे मान्य, पण तो ठरवताना त्या बाईला आणि त्या रखवालदाराला वगळून चालणार नाही, एवढे तरी आपणही नाकारत नसाल.

शंकाकार : नाकारण्याचा प्रश्न नाही. दोघांना बसवल्यावर त्यांचे पटले नाही, तर निर्णय लिहून त्याखाली सही कोणी करायची, एवढेच विचारायचे आहे.